वाटेत वीज संपली तर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

विजेवर चालणारी छोटी मोटार आता पनवेलला नवलाईची राहिलेली नाही. हिरव्या पाटीची एखादी गाडी भाजी मंडईजवळ उभी दिसली तर कोणी वळून पाहत नाही. पण गाडीचा मालक जवळपास असला आणि बोलका असला, तर त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’’ किंमत नंतर. पेट्रोलच्या गाडीवाल्याला टाकी भरल्यावर किती जाते, असे आपण कधी विचारत नाही. त्याला विचारतो, ‘‘ॲव्हरेज काय देते?’’ तो प्रश्न पैशाचा असतो. हा पहिला प्रश्न पैशाचा नाही, धास्तीचा आहे. मध्येच बंद पडली तर काय?

आमच्या घरात या धास्तीला एक तारीख आहे. ३ जून २०२०. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमचे मूळ गाव म्हसळा तालुक्यात, पनवेलपासून सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरवर. अम्मी तिथे एकटी होती. तिला दम्याचा जुना आजार. टाळेबंदीचे दिवस होते. वादळानंतर फोन लागेना. तिसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ परवाना काढून त्याच्या जुन्या पेट्रोल गाडीने निघाला आणि पडलेली झाडे चुकवत संध्याकाळी घरी पोचला. घराचे अर्धे कौल उडालेले, विजेचे खांब भाताच्या खाचरात आडवे. अम्मीचे वाफ घेण्याचे यंत्र विजेवर चालते. भावाने गाडी अंगणात घेतली, तिच्या बॅटरीला एक छोटा इन्व्हर्टर जोडला, इंजिन सुरू ठेवले आणि यंत्र चालवले. गावात वीज यायला पुढे आठवडेच्या आठवडे गेले.

तोच भाऊ आता विजेवरची छोटी मोटार घ्यायची म्हणतो. तळोजा औद्योगिक वसाहतीत त्याची नोकरी. जाऊन-येऊन रोजचे तीस किलोमीटर. तेवढ्यासाठी वीज उत्तम, हे त्यालाही कळते आणि मलाही. पण गावाचे काय? ‘‘भाई, तुम्ही जरा चौकशी करा,’’ असे त्याने मला सांगितले. मी कविता लिहिणारा माणूस, बी.ए.ला मराठी घेतले तेच मुळी गणित चुकवण्यासाठी. पण चौकशी केली. तीच आज सांगतो.

आधी वीज किती मावते ते पाहू. विजेच्या बिलात आपण ज्याला युनिट म्हणतो, त्याच युनिटात मोटारीची बॅटरी मोजतात. टाटांची टियागो २०२२ साली विजेवर आली, तिच्या मोठ्या बॅटरीत २४ युनिटे मावतात. एमजी कंपनीची कॉमेट २०२३ साली आली, तिच्यात सतरा-साडेसतरा. आता गंमत बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटे ऊर्जा असते. म्हणजे मोटारीच्या तळाला बसवलेली ती जाडजूड, लाखोंच्या किमतीची बॅटरी म्हणजे जेमतेम पावणेतीन लिटर पेट्रोल! एवढ्या पेट्रोलवर कोणी शहाणा माणूस म्हसळ्याला निघणार नाही. तरीही विजेची मोटार त्यावर दोनशेच्या आसपास किलोमीटर जाते, कारण पेट्रोलचे इंजिन आपल्या पेट्रोलातली बहुतेक ऊर्जा नुसती उष्णता करून हवेत सोडते आणि विजेची मोटर फार थोडी वाया घालवते. छोटी पेट्रोल गाडी युनिटाला दोन किलोमीटर जाते, विजेची सात-आठ. पेट्रोल गाडी उधळी आहे, पण तिचा खिसा मोठा. विजेची गाडी काटकसरी, खिसा मात्र लहान. पल्ल्याचा सगळा प्रश्न या एका गोष्टीतून निघतो.

कंपनी मात्र दोनशे म्हणत नाही. त्या २४ युनिटांच्या टियागोला ती आली तेव्हा ३१५ किलोमीटरचा पल्ला सांगितला गेला. हा आकडा खोटा नाही. ठरलेल्या चाचणीत, ठरलेल्या वेगाने, रुळांवर चाके फिरवून तो मोजलेला असतो. पुण्याच्या वेताळ टेकडीच्या कुशीतली एआरएआय ही संस्था १९६६ पासून अशा चाचण्यांचे काम करते. पण त्या चाचणीत पनवेलचा मे महिना नसतो, मागच्या सीटवर दोन मेव्हण्या नसतात, आणि द्रुतगती महामार्गावर ताशी शंभरचा वेग नसतो. वेगाचे तर असे आहे की तो साठावरून शंभरवर नेला, की वाऱ्याचा अडथळा जवळजवळ पावणेतीनपट होतो. पेट्रोल गाडीतही तो होतोच. पण तिथे टाकी मोठी असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून मी भावाला एक सोपा हिशेब सांगितला. कंपनीच्या आकड्याचे दोन तृतीयांश धर, त्यातून वीसेक किलोमीटर मनाच्या शांततेसाठी बाजूला काढ, उरेल तो तुझा पल्ला.

घाटाची भीती मात्र वाटते तेवढी खरी नाही. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना गाडी साडेपाचशेहून अधिक मीटर वर जाते. चार माणसांसह चौदाशे किलो वजन एवढे वर उचलायला दोन युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. म्हणजे सपाटीवरच्या पंधरा-सोळा किलोमीटरची. येताना मात्र त्यातली बरीच परत मिळते. उतारावर विजेची मोटर उलटे काम करू लागते. चाके तिला फिरवतात आणि ती वीज तयार करून बॅटरीत भरते. खोपोलीला हे नवीन नाही. टाटांचे तिथले जलविद्युत केंद्र १९१५ पासून हेच करत आले आहे. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून घाट उतरते आणि खाली वीज देऊन जाते. आपल्या गाडीचे वजन हेच आपले पाणी. पुण्याहून पनवेलला येताना, घाटाच्या तळाशी काट्यावर आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला पाहून माझ्या एका मित्राने काटा बिघडला असे समजून गाडी बाजूला घेतली होती.

आता मूळ धास्तीकडे येतो. रोज तीस किलोमीटर जाणाऱ्या माणसाला वर्षातून सहा-सात वेळा लांबचा पल्ला मारायचा आहे. त्यासाठी मोटार बनवणाऱ्यांनी एक उत्तर शोधले होते : विजेच्या मोटारीत एक छोटे पेट्रोल इंजिन ठेवायचे. ते चाके फिरवत नाही. बॅटरी उतरली की ते सुरू होते, जनरेटर फिरवते, वीज तयार करते, आणि गाडी विजेवरच पुढे जाते. याला रेंज एक्स्टेंडर म्हणतात. आपण पल्ला वाढवणारे इंजिन म्हणू. वादळानंतर आमच्या अंगणात उभी राहून भावाची गाडी जे करत होती, तेच हे इंजिन धावत्या गाडीत करते. आणि पनवेलकरांनी ही युक्ती रोज पाहिलेली आहे, फक्त ओळखलेली नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून तिच्या विद्युतीकरणाचे काम २०२२ साली पुरे होईपर्यंत पनवेलवरून कोकणात जाणाऱ्या गाड्या डिझेल इंजिने ओढत होती. त्या इंजिनांत डिझेलची ताकद थेट चाकांना जात नाही. डिझेलवर जनरेटर फिरतो, आणि त्याच्या विजेवर चाकांच्या मोटरी.

कल्पना किती जुनी? १९०० साली व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात फर्डिनांड पोर्श या तरुणाने अशी गाडी तयार केली होती. पुढच्या चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटरी, आणि वीज पुरवायला दोन पेट्रोल इंजिने. त्यानंतर ११२ वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आपल्या टाटा मोटर्सने ‘मेगापिक्सेल’ नावाची चार माणसांची छोटी गाडी मांडली. तिच्याही मोटरी चाकांतच होत्या, चारी चाकांत चार. बॅटरी १३ युनिटांची, आणि सोबत ३२५ सी.सी.चे एका सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. म्हणजे बुलेटच्या इंजिनाहून किंचित लहान. नुसत्या बॅटरीवर ८७ किलोमीटर आणि टाकी भरलेली असेल तर एकूण ९०० किलोमीटरपर्यंत, असे कंपनीने सांगितले होते.

हे ८७ आणि ९०० आकडे मला फार बोलके वाटतात. पनवेलहून फोर्टात जाऊन परत यायचे तर नव्वदेक किलोमीटर होतात. म्हणजे सकाळी घरून पूर्ण चार्ज करून निघालेल्या माणसाचे इंजिन परतीच्या वाटेवर खारघर-कळंबोलीच्या आसपास शेवटची दोन-चार किलोमीटर सुरू झाले असते. रोजचे जगणे विजेवर, आणि गणपती-ईदला गावी जाताना पेट्रोल. आमच्या घरासाठीच जणू कोणी ती काढली होती. ती बाजारात आली नाही. प्रदर्शनातल्या बहुतेक गाड्यांचे असेच होते.

परदेशात मात्र अशा गाड्या रस्त्यावर आल्या. २०१३ साली निघालेल्या बीएमडब्ल्यूच्या छोट्या ‘आय थ्री’त हवे तर ६४७ सी.सी.चे स्कूटरचे इंजिन मागच्या बाजूला बसवून मिळे. पेट्रोलची टाकी फक्त नऊ लिटरची. अमेरिकेतल्या सरकारी मोजणीप्रमाणे ती विजेवर सव्वाशेच्या आत आणि इंजिन धरून एकूण सुमारे २४० किलोमीटर जाई. पण २०१८ साली त्याच गाडीत जवळजवळ दुप्पट वीज मावणारी बॅटरी बसू लागली, तेव्हा कंपनीने युरोपात ते इंजिन देणे बंद केले. जे काम इंजिनासाठी ठेवले होते, ते बॅटरीच करू लागली होती.

इथेच या युक्तीची दुखरी बाजू आहे. दोन-तीनशे दिवस जे इंजिन चालणार नाही, त्याचे वजन ओढायचे, त्याचे तेल बदलायचे, पीयूसी काढायची. टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले तर तेही खराब होते. म्हणून अशा गाड्यांचे इंजिन मधूनमधून आपणहून सुरू होते, व्यायाम करते आणि बंद होते. आणि ते चालू झाले की स्वस्ताई संपते. पेट्रोलची वीज करायची आणि विजेची गती, यात लिटरमागे अडीचेक युनिटेच हाती लागतात. त्यावर गाडी वीसेक किलोमीटर जाईल. म्हणजे साध्या पेट्रोल गाडीएवढीच. छोट्या गाडीत जागा कमी, किंमत मोजून-मापून. तिथे दोन-दोन संसार परवडत नाहीत. चीनमध्ये ली ऑटो या कंपनीने २०१९ नंतर अशा गाड्या लाखांनी विकल्या, पण त्या मोठ्या, ऐसपैस कुटुंबाच्या आणि भरल्या खिशाच्या. छोट्या गाडीला मोठी बॅटरी आणि वाटेवर चार्जर, हेच स्वस्त पडले.

बंगळुरूच्या रेवाची आठवण काहींना असेल. २००१ साली आलेली ती बाहुलीएवढी गाडी. शिशाच्या बॅटऱ्या आणि ऐंशी किलोमीटरचा पल्ला. त्या कंपनीने २००९ साली पल्ला वाढवण्याची एक निराळीच तऱ्हा जाहीर केली. बॅटरी उतरली की फोन करायचा किंवा संदेश पाठवायचा. कंपनी दुरूनच बॅटरीत राखून ठेवलेली थोडी वीज मोकळी करणार, घरापर्यंतचे काही किलोमीटर निघणार. पुढे महिंद्राने रेवा घेतल्यावर २०१३ साली आलेल्या ई-टू-ओ गाडीत ही सोय होती. नवीन वीज त्यात एक थेंबही नव्हती. अम्मी ओढणीच्या टोकाला दहाची नोट बांधून ठेवते आणि स्वतःच विसरते, तसला प्रकार. पण अडल्या वेळी ती नोट खरीच असते! पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी या नव्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ‘इव्हा’ या गाडीत तर छपरावर सौर पट्ट्या आहेत. त्यांतून वर्षाला तीन हजार किलोमीटरपर्यंतची वीज मिळेल, असे कंपनी म्हणते. म्हणजे दिवसाला आठ किलोमीटर. हसू नका; किराणा आणि शाळा यांत अनेकांचे आठ किलोमीटरच होतात.

चार्जिंगबद्दल पुस्तकी बोलण्यापेक्षा आमचाच अनुभव सांगतो. गेल्या हिवाळ्यात भावाच्या एका मित्राची २४ युनिटांची छोटी गाडी दोन दिवसांसाठी मागून घेतली आणि आम्ही चौघे गावी निघालो. पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. निघताना काट्यावर शंभर टक्के, माणगावला पन्नासच्या खाली आणि घरी पोचलो तेव्हा सत्तावीस. वाटेत दोन ठिकाणी चार्जरची पाटी दिसली, पण भावाने हट्टाने थांबवली नाही. त्याला घरचे उत्तर हवे होते.

घरी एक पंधरा अँपियरचा सॉकेट आहे, पाण्याच्या पंपासाठी घेतलेला. त्यात गाडीची केबल लावली. लाल दिवा. काढून पुन्हा लावली. पुन्हा लाल. अम्मीने खिडकीतून विचारले, ‘‘आजारी आहे का रे?’’ रात्री वायरमनला बोलावले तेव्हा कळले, की घराला अर्थिंग असे नाहीच. पन्नास वर्षांत कोणी केलेले नाही. फ्रिज, पंखे, पंप यांनी कधी तक्रार केली नाही. ही गाडी मात्र अर्थिंग सापडल्याशिवाय विजेचा थेंब घेत नाही. ते बरोबरच आहे. ओल्या अंगणात उभ्या असलेल्या लोखंडी गाडीला हात लावणारा माणूस त्यामुळेच सुरक्षित राहतो. दुसऱ्या दिवशी विहिरीजवळ खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून तांब्याची पट्टी पुरली, पाणी ओतले, सॉकेटपर्यंत वायर आणली. दुपारी हिरवा दिवा लागला. एरवी सात तासांत व्हायचे काम विजेचा दाब कमी असल्यामुळे नऊ तासांत झाले. रात्रभरात गाडी भरली आणि सकाळी आम्ही परत निघालो. गावाला जाणाऱ्या प्रत्येक विजेच्या गाडीवाल्याने चार्जरच्या नकाशाआधी घरचे अर्थिंग तपासावे, हे मी आता ज्याला-त्याला सांगत असतो.

पनवेलची अडचण निराळी. भावाच्या इमारतीत पार्किंग आहे, पण कमिटीने चार्जिंगला हरकत घेतली. ‘‘मीटरला आग लागेल.’’ घरात दीड टनाची दोन-दोन वातानुकूलन यंत्रे चालतात तेव्हा ही भीती कोणाला वाटत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की आपल्या घराच्या वा कार्यालयाच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. ते पत्र दाखवल्यावर, भावाच्याच मीटरवरून स्वतंत्र वायर आणि वेगळा स्विच, या अटीवर काम मार्गी लागले. पण जुन्या पनवेलमध्ये, जिथे गल्लीत गाडी उभी करायलाच जागा नाही, तिथल्या माणसाने काय करायचे? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडायची? सरकारी धोरणे या माणसाबद्दल फारसे बोलत नाहीत, आणि विजेच्या मोटारीची सगळी स्वस्ताई घरच्या सॉकेटवर उभी आहे.

ती किती, ते आता पाहू. पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि वीज युनिटला दहा धरू, हिशेबाला सोपे. बॅटरीत २४ युनिटे भरायला सॉकेटमधून सत्तावीसेक लागतात, कारण थोडी वाटेत गळते. त्यावर दोनशे किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सव्वा ते दीड रुपया. छोट्या पेट्रोल गाडीला साडेपाच. सीएनजी किलोला ऐंशी धरला तर सव्वातीन. फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. मात्र महावितरणचे बिल पायऱ्यांनी चढते हे विसरू नका : शंभर युनिटे, तीनशे, पाचशे. भावाच्या घराचा वापर महिन्याला सव्वादोनशे. गाडीची एकशेवीस धरली की तो तीनशेची पायरी ओलांडतो आणि वरच्या युनिटांना चढा दर लागतो. गाडी घ्यायच्या आधी आपले बिल काढून बघावे.

भाऊ वर्षाला दहा-अकरा हजार किलोमीटर जाईल. किलोमीटरमागे चार रुपये वाचले तर वर्षाचे चाळीस-बेचाळीस हजार. पेट्रोल आणि वीज यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक धरला तर तो भरून निघायला सात वर्षे. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची. म्हणजे व्यवहार बरा आहे, पण जाहिरातीतल्यासारखा नाही. ज्याची गाडी रोज पाच किलोमीटर जाते, त्याने पैसे वाचवण्यासाठी ही गाडी घेऊ नये. हवा स्वच्छ राहावी म्हणून घ्यावी, किंवा आवाज होत नाही म्हणून.

मग जास्त धावणाऱ्याचे? मला वाटले होते की खरा फायदा टॅक्सीवाल्याचा. पनवेल स्टेशनबाहेर टॅक्सी लावणाऱ्या एका ओळखीच्या चालकाशी बोललो. त्याने मला दोन मिनिटांत गप्प केले. ‘‘साहेब, माझी गाडी आधीच सीएनजीवर आहे. सव्वातीन रुपये. मी चाळीत राहतो, घरी चार्जिंग नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटाला वीस रुपये धरा. झाले पावणेतीन. म्हणजे किलोमीटरला वाचले आठ आणे, आणि तासभर गाडी उभी. त्या तासात माझे एक भाडे जाते.’’ माझ्या बी.ए.पेक्षा त्याचे गणित पक्के होते. त्याच्या डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे आणि पेट्रोलची छोटी टाकीही आहे. गॅसच्या रांगेत फार वेळ जाणार असेल तर तो एक बटण दाबतो आणि पेट्रोलवर भाडे पुरे करतो. म्हणजे आपल्याकडे पल्ला वाढवणारी गाडी केव्हाच आली, फक्त तिला ते नाव नाही. २०२४ साली कॉमेट गाडी बॅटरी भाड्याने घेऊन मिळू लागली, किलोमीटरला अडीच रुपये भाडे. गाडी स्वस्त पडते खरी, पण अडीच अधिक विजेचा दीड, म्हणजे चार. टॅक्सीवाल्याने मान हलवली ती त्यामुळेच.

ज्याला घरी सॉकेट आहे, त्याला टोलचाही फायदा आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी ठरली. अटल सेतूवर ती ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाली. पनवेलहून रोज सेतूने जाणाऱ्याला ही रक्कम विजेच्या बिलापेक्षा मोठी आहे. गरजूपेक्षा सुस्थितल्याच्या पदरात जास्त टाकणारी सवलत, असे माझे मत. पण ते असो.

राहिला ३ जूनचा प्रश्न. तेव्हा ही गाडी असती तर? भाऊ आणि मी यावर पुष्कळ वाद घातला. पनवेलहून पूर्ण चार्ज करून निघाला असता तर तो पोचला असता. सत्तावीस टक्के म्हणजे सहा-साडेसहा युनिटे उरली असती. अम्मीला माणगावच्या रुग्णालयात नेऊन आणायला ती पुरली असती, काटकसरीने. काही नव्या गाड्यांत बॅटरीतून घरची उपकरणे चालवण्याची सोय असते. तशी असती तर वाफेचे यंत्र एरवी कितीतरी दिवस चालले असते, आणि तेही इंजिनाच्या घरघरीशिवाय. पण मग पनवेलला परत येणे झाले नसते, आणि गावात वीज नाही म्हणजे नाही. पेट्रोलचा कॅन शेजारच्या तालुक्यातून कोणी मोटारसायकलवर आणून देऊ शकतो. वीज कॅनमध्ये आणता येत नाही. मेगापिक्सेलसारखी गाडी मिळाली असती, तर हा वाद आम्ही घातलाच नसता.

ती मिळत नाही. म्हणून भावाने विजेची छोटी गाडी नोंदवली आणि बारा वर्षांची जुनी पेट्रोल गाडी विकायच्या ऐवजी गावी नेऊन ठेवली. तिचे यायचे होते पैसेही फार नाहीत. विमा, पीयूसी आणि थोडी डागडुजी मिळून वर्षाला दहाएक हजार खर्च येईल. म्हणजे विजेवर वाचणाऱ्या पैशातला चौथा हिस्सा धास्तीच्या खात्यावर गेला. शेजारचा मुलगा दर शुक्रवारी नमाजानंतर ती सुरू करतो आणि अम्मीला बाजारापर्यंत फिरवून आणतो. टाकी अर्धीच ठेवायची, म्हणजे पेट्रोल शिळे होत नाही, असे मी त्याला बजावले आहे. अम्मी म्हणते, पूर्ण भरून ठेवा.